अंगठ्याची परीक्षा

हातमोजा इतका मऊ का, असं दुकानदाराला विचारलं तर तो सांगेल, कोकराचं कातडं आहे म्हणून. ते अर्धंच खरं. कोकराचं कातडं चुन्याच्या हौदातून काढून तसंच कमावायला टाकलं, तर जे हाती येतं त्याचा हातमोजा शिवता येत नाही. मुठीत मावेल असा मऊपणा त्याला मधल्या एका पायरीत येतो, आणि विसावं शतक उजाडेपर्यंत युरोपात ती पायरी कुत्र्याच्या विष्ठेवर चालायची. जाड कातड्यांसाठी कबुतरांची नाहीतर कोंबड्यांची. लंडन-पॅरिसच्या ज्या बायका पांढरे हातमोजे चढवून नाचायला जात, त्यांना हे कोणी सांगत नसणार.

मी जन्माने ढोर-कक्कय्या आणि शिक्षणाने चर्मतंत्रज्ञ. या विषयाला नाक मुरडायची मला सवय नाही, आणि सोयही नव्हती. उलट एका गोष्टीचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय. या गलिच्छ पायरीत नेमकं काय घडतं हे कळायला रसायनशास्त्राची सव्वाशेच्या वर वर्षं खर्ची पडली, आणि उत्तर सापडलं ते एका रेणूच्या अंगावरच्या खाचेत. कारागीर अंगठ्याने जे तपासत होता, ते त्या खाचेचंच काम होतं.

आधी कातडं समजून घेऊ. पाणी वगळलं तर कातड्यात बहुतांशी कोलॅजनचे तंतू असतात आणि चामडं बनतं ते या तंतूंचं. तंतूंच्या फटींत मात्र इतर प्रथिनं भरलेली असतात, शिवाय केसांच्या मुळांचे अवशेष, रंगद्रव्य, चरबी. हे सगळं चामड्याला नको असतं. चुन्यात घातल्यावर केस सुटतात, कातडं फुगतं, त्याचा पीएच १२ च्या वर जातो. ते बाहेर काढून दोन्ही बाजूंनी खरवडलं तरी फटींतला मळ आतच राहतो. तो राहिला की कमावणीचा अर्क तंतूंपर्यंत धड पोचत नाही. आणि पोचला तरी वाळताना हा मळ तंतूंना एकमेकांशी डकवून टाकतो. मग कातडं वाकत नाही, मोडतं. म्हणून चुना उतरवायचा आणि कोमट पाण्यात हा मळ सोडवून घ्यायचा. या दुसऱ्या कामाला आमच्या धंद्यात सगळे बेटिंग म्हणतात, अंगठेबहाद्दर कामगारसुद्धा.

आमच्या घरी ही पायरी नव्हतीच. कोल्हापूरकडची आमची कमावणी चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावर. म्हशीचं किंवा बैलाचं कातडं चुन्यातून काढून, खरवडून, धुऊन सालीच्या पाण्यात टाकायचं. मग त्याचीच पिशवी शिवून टांगायची आणि वरून सालीचं पाणी भरत राहायचं. ते झिरपत झिरपत कातडं पिकायचं. कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा वडिलांना विचारलं, "अण्णा, आपल्यात बेटिंग का नाही?" ते म्हणाले, "आपलं कातडं पायाखाली जायचं हाय, हातात न्हाई घालायचं." याहून नेमकं उत्तर मला पुढे पुस्तकांतही मिळालं नाही. चपलेच्या तळाला घट्टपणा हवा. फटी भरलेल्या असल्या तर तिथे त्याचा फायदाच. तळाच्या जाड चामड्याला युरोपातही ही पायरी नावापुरतीच देत. आमच्या वाट्याला वास पुष्कळ आले, हा एक तेवढा आला नाही.

लंडनमध्ये हा वास एका वस्तीला चिकटलेला होता. थेम्सच्या दक्षिणेचं बर्मंडसी म्हणजे टॅनऱ्यांची पेठ. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या गरिबांशी बोलून जे लिहून ठेवलं, त्यात रस्त्यावरून कुत्र्याची विष्ठा गोळा करणारी माणसंही आहेत. भाव होता बादलीला ८ ते १० पेन्स. त्यातही कोरडा, पांढुरका, चुनखडीसारखा दिसणारा माल चढ्या भावाने जायचा, कारण त्यात अल्कली जास्त असं गिऱ्हाइकं मानत. मग काय, लोक जुन्या भिंतींचा चुना खरवडून त्यात मिसळू लागले. विष्ठेत भेसळ! या माहितीवर मी दरवेळी हसतो. पण हसून झालं की लक्षात येतं, टॅनरीवाल्यांचा तर्कच मुळात उलटा होता. अल्कली कातड्यात आधीच उतू जात होती, ती तर घालवायची होती. त्यांना उपाय माहीत होता, कारण ठाऊक नव्हतं.

वस्तीचा विषय निघालाच आहे म्हणून. टॅनरी गावाबाहेर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, हा नियम युरोपातही होता. आमच्याकडे टॅनरीबरोबर माणसंही कायमची बाहेर गेली, एवढा फरक.

विष्ठेच्या पाण्याची कृती सांगायला सोपी आणि साधायला अवघड. विष्ठा पाण्यात कालवून मुरवायची, मग तो कोमट काढा हौदात घेऊन कातडी त्यात ढवळत ठेवायची. पातळ कातड्यांना थोडे तास. फुगलेलं, ताठलेलं कातडं हळूहळू खाली बसतं, लिबलिबीत होतं, पृष्ठभाग रेशमी लागू लागतो. थांबायचं कधी? कातड्यावर अंगठा दाबायचा. ठसा तसाच राहिला तर झालं. कातडं उसळी मारून वर आलं तर अजून वेळ आहे. दुसरी परीक्षा म्हणजे कातड्याची पोटली करून आतली हवा दाबायची; छिद्रांतून बारीक बुडबुडे निघाले तर फटी मोकळ्या झाल्या. आणि वेळ चुकली, पाणी जास्त तापलं, किंवा हवा दमट-उकाड्याची असली, तर तोच काढा कातडंही खाऊ लागायचा. सकाळी हौदात हात घालावा तर कातड्याला भोकं, पृष्ठभाग सोललेला. अख्खी खेप गटारात. युरोपातल्या टॅनरीवाल्यांना या पायरीची जी धास्ती होती ती दुसऱ्या कशाचीच नव्हती. मोरोक्कोत फेस शहराच्या जुन्या टॅनऱ्यांत कबुतरांच्या विष्ठेचे हौद अजूनही वापरात आहेत. पर्यटक पुदिन्याची पानं नाकाशी धरून ते गच्चीवरून बघतात.

मी धारावीत कामाला लागलो तोवर विष्ठा जाऊन पावडरीची पोती आली होती. तिथल्या बऱ्याच टॅनऱ्या तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ मुसलमानांच्या. बांद्र्याचा कत्तलखाना जवळ, म्हणून धंदा तिथे वसला. पुढे कत्तलखाना देवनारला गेला. आमच्या ड्रमवरचे उस्ताद वयाने माझ्या वडिलांएवढे. मी थर्मामीटर घेऊन उभा असायचो, ते पाण्यात कोपर बुडवून मोकळे व्हायचे. मी पीएचचा कागद काढेपर्यंत त्यांचा अंगठा कातड्यावर उमटलेला असायचा. "बस, निकालो," म्हणायचे. पोतं फोडलं की लाकडाच्या भुशाचा वास यायचा, त्यामागून नवसागरासारखा तिखट आणि सगळ्यांत शेवटी, अगदी पुसट, मांसाचा. या तीन वासांत त्या पावडरीचा सगळा इतिहास होता, आणि तो एका जर्मन माणसाच्या नाकापासून सुरू होतो.

त्या नाकाकडे जाण्याआधी थोडी मागची बाजू. १८३३ साली पॅरिसमध्ये पेयां आणि पर्सो यांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातून एक पदार्थ वेगळा काढला. पिठाळ द्रावणाची तो साखर करायचा आणि स्वतः फारसा संपायचा नाही. डायस्टेज हे त्याचं नाव. त्यानंतर पोटातलं पेप्सिन, मग १८७६ मध्ये हायडेलबर्गच्या क्यूनेने स्वादुपिंडाच्या रसातल्या प्रथिन पचवणाऱ्या पदार्थाला ट्रिप्सिन हे नाव दिलं. पण साखर आंबवण्यासारखं काम पेशीबाहेरही होतं की त्याला जिवंत पेशीचा आधार लागतोच, यावर भांडण पेटलेलं होतं. १८९७ साली एदुआर्द बुखनरने यीस्ट रगडून, गाळून, पेशी नसलेल्या रसानेच साखर आंबवून दाखवली आणि ते भांडण मिटलं. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला यासाठीच मिळालं. साल लक्षात ठेवण्यासारखं आहे.

टॅनरीतली माणसंही स्वस्थ नव्हती. नॉटिंगहॅमच्या टर्नी ब्रदर्सच्या चामड्याच्या कारखान्यात जोसेफ टर्नी वुड नावाचा रसायनतज्ज्ञ कुत्र्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसला होता. हा माणूस मला फार आवडतो. विज्ञानाच्या इतिहासात त्याला कोणी विचारत नाही. पण ज्या पदार्थाला बाकीचे प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवत, त्याच्यावर त्याने वर्षानुवर्षं काढली आणि १९१२ मध्ये या पायरीवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की काम विष्ठा करत नाही, तिच्यातले जिवाणू आणि त्यांनी सोडलेले एन्झाइम, म्हणजे डायस्टेज-ट्रिप्सिनच्या जातीचे पदार्थ, करतात. पॉप आणि बेकर या दोन जर्मनांबरोबर त्याने जिवाणू वाढवून विष्ठेला पर्याय म्हणून इरोडिन नावाचा मालही काढला. चालला, पण म्हणावा तसा नाही. जिवंत जिवाणू सांभाळायचे म्हणजे जुनी धास्ती नव्या डब्यात.

आता ओटो र्‍योम. स्टुटगार्टच्या गॅस कारखान्यात नोकरीला असलेला हा तरुण रसायनज्ञ. टॅनरीतल्या विष्ठेच्या हौदाचा वास आणि गॅस धुतलेल्या पाण्याचा वास त्याला सारखा वाटला. दोन्हीत अमोनिया. मग विष्ठेऐवजी हे गॅसचं पाणीच का वापरू नये? त्याने त्यापासून माल तयार केला, टॅनऱ्यांना दिला, आणि तो फसला. कातड्यातला चुना उतरला, फुगवटा बसला, पण अंगठ्याच्या परीक्षेत कातडं नापास. अमोनियाने पायरीचा पहिला अर्धा भाग केला होता. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी काहीतरी वेगळं लागणार होतं, आणि बुखनरच्या कामामुळे ते काय असावं याचा अंदाज आता करता येत होता. कुत्रा मांस खातो. मांस पचवतो ट्रिप्सिन. ट्रिप्सिन येतो स्वादुपिंडातून. मग कुत्र्याला वळसा घालून थेट स्वादुपिंडाकडेच का जाऊ नये? कत्तलखान्यात ती ग्रंथी मुबलक. तिचा अर्क आणि अमोनियाचे क्षार एकत्र करून त्याने ओरोपॉन नावाचा माल काढला, अर्क धरून ठेवायला लाकडाचा भुसा वापरला. साल १९०७. त्याच वर्षी ओटो हास या मित्राबरोबर एसलिंगनला कंपनी काढली. दोन वर्षांत कंपनी डार्मश्टाटला गेली आणि हास फिलाडेल्फियाला. पुढे हीच कंपनी प्लेक्सिग्लाससाठी नावारूपाला आली. विमानांच्या पारदर्शक छतांमागे कोकराच्या कातड्याचं भांडवल होतं, हे तिथे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

बघता बघता कुत्र्याची विष्ठा पाश्चात्त्य टॅनऱ्यांतून गेली. पण र्‍योमलाही एक गोष्ट सांगता आली नसती. ट्रिप्सिन प्रथिन तोडतो. कातड्यातला मळ प्रथिन आहे, आणि कोलॅजनही प्रथिनच. मग एकाच पाण्यात एक प्रथिन विरघळतं आणि दुसरं शाबूत कसं राहतं? या निवडीवर सगळा धंदा उभा होता.

याचं उत्तर दोन टोकांनी आलं: एक कातड्याच्या बाजूने, एक एन्झाइमच्या.

कातड्याच्या बाजूचं उत्तर मद्रासचं आहे, आणि ते माझ्या शेजारचं, म्हणून मला त्याचा थोडा गर्व. मी शिकलो ते नावाला ए.सी. कॉलेजात, पण चामड्याचं खरं शिक्षण लगतच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत, जिला सगळे सीएलआरआय म्हणतात. मद्रास विद्यापीठात १९५२ साली जी. एन. रामचंद्रन भौतिकीचे प्राध्यापक म्हणून आले. इंग्लंडहून आलेल्या जे. डी. बर्नाल यांच्या बोलण्यातून त्यांना कळलं की कोलॅजनची रचना अजून कोणाला नीट उलगडलेली नाही. नमुना हवा होता. तो हाकेच्या अंतरावर सीएलआरआयमध्ये मिळाला, कांगारूच्या शेपटीच्या स्नायुरज्जूचा. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी त्यावरून क्ष-किरणांची चित्रं घेतली आणि १९५४ मध्ये सांगितलं की कोलॅजन म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या. पुढच्याच वर्षी क्रिक आणि रिच यांनी त्यात सुधारणा केल्या, श्रेयावरून कुरबुरी झाल्या. मी कॉलेजात गेलो तोवर रामचंद्रन बंगळूरला निघून गेले होते, पण आमचे मास्तर तीन दोऱ्यांचा पीळ फळ्यावर काढताना अजूनही त्यांचं नाव घरातल्या माणसासारखं घेत.

हा पीळ विलक्षण घट्ट असतो. साखळीतला दर तिसरा घटक ग्लायसिन, अमिनो आम्लांतलं सर्वांत लहान, कारण पिळाच्या मधोमध दुसरं काही मावतच नाही. तिन्ही साखळ्यांचे तुटण्याजोगे बंध त्यात दडून बसलेले. पिळाची जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर, पण एन्झाइमच्या मापाने ती खूप झाली. कारण एन्झाइमला जाड दोरखंड धरता येत नाही. त्याला एक सुटी, सरळ पसरलेली साखळी लागते.

इथून एन्झाइमची बाजू सुरू होते. १८९४ मध्ये एमिल फिशरने साखरेच्या संयुगांवर काम करताना पाहिलं होतं की एक एन्झाइम एका रचनेच्या संयुगाला तोडतो आणि अणू तेच असलेल्या, फक्त मांडणी वेगळी असलेल्या दुसऱ्याला हातही लावत नाही. त्याने म्हटलं, हे कुलूप-किल्लीसारखं आहे. ही उपमा शाळेच्या पुस्तकांत आजही आहे. पण तेव्हा कुलूप कोणी पाहिलेलं नव्हतं. एन्झाइम हे प्रथिन आहे की नाही यावरही एकमत नव्हतं. विल्श्टेटरसारखा नोबेलविजेता नाही म्हणत राहिला. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स सम्नरने घेवड्याच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएजचे स्फटिक काढले आणि ते प्रथिनच निघाले. मग नॉर्थ्रॉपने पेप्सिनचे, आणि कुनिट्झच्या साथीने ट्रिप्सिनचेही. आमच्या पोत्यातला पुसट मांसाचा वास आता स्फटिक होऊन बशीत चमकत होता.

कुलपाचं भोक कुठे आहे, याचा पहिला पुरावा एका विषाने दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जातंतूंवरच्या विषारी वायूंचा अभ्यास चालू होता. त्याच कुळातलं डीएफपी नावाचं रसायन ट्रिप्सिनच्या भावंडाला, कायमोट्रिप्सिनला दिलं तर तो कायमचा बंद पडायचा. एका रेणूला एकच कण पुरे. आणि तो कण दरवेळी एकाच जागी बसलेला सापडायचा: सेरिन नावाच्या अमिनो आम्लावर, साखळीतल्या १९५ व्या जागेवर. तशी त्या एन्झाइममध्ये बाकीही पुष्कळ सेरिन होती, पण त्यांना विष शिवत नव्हतं. म्हणजे या एका सेरिनमध्ये काहीतरी विशेष होतं. त्याच्या आजूबाजूची जागा त्याला विशेष करत होती.

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्सच्या गटाने लायसोझाइम या एन्झाइमची त्रिमितीय रचना मांडली, आणि कुलपाचं भोक माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं: रेणूच्या अंगावर एक लांबट खाच. दोन वर्षांत केंब्रिजला डेव्हिड ब्लोच्या गटाने कायमोट्रिप्सिन उलगडला, काही वर्षांनी ट्रिप्सिनही. आता र्‍योमच्या प्रश्नाला उत्तर देता येत होतं.

ट्रिप्सिनमध्ये सव्वादोनशेच्या आसपास अमिनो आम्लं. त्यातली कापायचं काम करतात ती तीन: ५७ वं हिस्टिडिन, १०२ वं अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि १९५ वं सेरिन. साखळीत ती एकमेकांपासून लांब, पण साखळीची घडी अशी पडते की तिघं एका खाचेच्या काठावर शेजारी येतात. शेजारी एक खोलगट कप्पा, त्याच्या तळाशी १८९ वं अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ऋण भाराचं. त्यामुळे धन भाराचे हात असलेली दोनच अमिनो आम्लं, लायसिन आणि आर्जिनिन, त्या कप्प्यात नीट बसतात. मळाच्या प्रथिनाची सुटी साखळी खाचेत आली, तिचं लायसिन कप्प्यात शिरलं, की लगतचा बंध बरोबर सेरिनसमोर येतो. हिस्टिडिन सेरिनचा हायड्रोजन काढून घेतं, मोकळा झालेला ऑक्सिजन बंधावर झडप घालतो, साखळीचा एक तुकडा सुटून जातो आणि दुसरा क्षणभर सेरिनला चिकटून राहतो. मग पाण्याचा एक रेणू तीच वाट धरून येतो, दुसरा तुकडाही सुटतो, आणि ट्रिप्सिन होता तसाच पुढच्या साखळीला तयार. साध्या पाण्यात असा एक बंध आपोआप तुटायला काही शतकं लागतात. इथे एका सेकंदात अनेक.

फिशरची उपमा इथे तोकडी पडते. किल्ली कुलपात इतकी चपखल बसली तर ती बाहेर निघेलच कशाला? लिनस पॉलिंगने १९४० च्या दशकात सुचवलं होतं ते जास्त पटतं: सक्रिय स्थानाचा, म्हणजे या खाचेचा, आकार अख्ख्या साखळीला बेतलेला नसतो, तुटण्याच्या बेतात ताणलेल्या मधल्या अवस्थेला बेतलेला असतो. ट्रिप्सिनच्या खाचेत त्या क्षणिक अवस्थेतल्या ऑक्सिजनला धरायला एक छोटी बगलही आहे. तोडायचं ते तुटण्याच्या क्षणीच घट्ट धरायचं. डॅनियल कॉशलँडने १९५८ मध्ये आणखी एक दुरुस्ती केली: खाच ताठ नसते, पाहुणा आल्यावर ती थोडी हलून बसते.

आता कोलॅजनकडे पाहा. त्याच्यातही लायसिन आहे, आर्जिनिनही. पण ते तीन साखळ्यांच्या पिळात. हा पीळ खाचेत उतरत नाही, बंध सेरिनसमोर येत नाही, काम होत नाही. पिळाची टोकं थोडी सुटी असतात, तेवढी कुरतडली जातात. पण पाणी जास्त तापलं तर? कच्चं कातडं साठेक अंशांना आक्रसतं, चुन्यातून आलेलं त्याच्याही आधी. आक्रसणं म्हणजे हा पीळ उलगडणं. उलगडलं की कोलॅजन उरत नाही, जिलेटिन होतं, आणि सुट्या साखळ्या ट्रिप्सिन आनंदाने कापतो. उस्ताद कोपर बुडवत ते याचसाठी. विष्ठेच्या हौदातली दुसरी भीती जिवाणूंची होती: काही जिवाणूंकडे पीळच तोडणारे वेगळे एन्झाइम असतात, ते वाढले की रात्रीत भोकं.

स्वादुपिंड स्वतःला का खात नाही, तेही याच खाचेमुळे कळतं. ताज्या ग्रंथीत ट्रिप्सिन निजलेल्या रूपात असतो. साखळीच्या सुरुवातीचा छोटा तुकडा कापला गेला की नवं टोक आत वळतं, १९४ व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाला जाऊन धरतं, आणि तेव्हाच कप्प्याला आकार येतो. तोवर तिघं मानकरी हजर असतात, पण पाहुण्याला बसायला पाट नसतो.

राहता राहिला वुड आणि र्‍योम यांच्या उत्तरांतला फरक: जिवाणू की स्वादुपिंड? १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ क्राउटच्या गटाने बॅसिलस जिवाणूच्या सबटिलिसिन या एन्झाइमची रचना काढली. त्याचा ट्रिप्सिनशी काही संबंध नाही: साखळी वेगळी, घडी वेगळी, वंश वेगळा. आणि सक्रिय स्थानावर तेच तिघं, सेरिन, हिस्टिडिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, तशाच अंतरावर. फक्त साखळीतला त्यांचा क्रम निराळा. विष्ठेच्या हौदात कुत्र्याचा ट्रिप्सिन होता आणि जिवाणूंचे असले एन्झाइमही. दोघं एकाच पद्धतीने एकच काम करत होते. दोन्ही माणसं बरोबर होती.

फरक आहे तो कप्प्याचा. सबटिलिसिनचा कप्पा पाहुण्याबाबत चोखंदळ नाही, तो बऱ्याच ठिकाणी कापतो. आजच्या पावडरींत बॅसिलसचाच माल जास्त, कारण तो टाक्यांत वाढवता येतो, स्वस्त पडतो आणि कत्तलखान्यावर अवलंबून राहावं लागत नाही. बुटांच्या वरच्या जाड चामड्याला तो चांगला. पण कोणी कोकराच्या पातळ कातड्याबद्दल सल्ला मागितला तर मी अजून स्वादुपिंडाची पावडर सांगतो, पाणी ३५ ते ३७ अंश, पीएच आठच्या थोडा वर, थोडा चुना उरला तरी चालेल, कॅल्शियमने ट्रिप्सिन टिकतो. आणि वेळ घड्याळावर सोडू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी ड्रम थांबवून अंगठा लावा.